ग्रेटफुल डेड ऐकायचं तर आधी वर्ष, मग टेप, आणि तारीख सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडचे ‘वर्किंगमन्स डेड’ आणि ‘अमेरिकन ब्यूटी’ हे १९७० चे दोन स्टुडिओ अल्बम तुम्हाला मनापासून आवडले. मग कुणीतरी सांगितलं की या बँडचं खरं काम स्टेजवर आहे, म्हणून तुम्ही इंटरनेट अर्काइव्ह ही मैफलींच्या मुद्रणांचा साठा असलेली साइट उघडलीत. तिथे हजारो नोंदी, त्यातही एकेका मैफलीच्या पाच-सहा. सगळे म्हणतात म्हणून कॉर्नेल १९७७, म्हणजे कॉर्नेल विद्यापीठातली त्या वर्षीची मैफल, ऐकलंत. वाईट नाही वाटलं, पण ‘यात एवढं काय?’ हेही कळलं नाही. आता तुम्हाला सर्वोत्तम दहा मैफलींची यादी हवी आहे.

यादी देणं अवघड नाही. पण नुसती यादी दिली तर कॉर्नेलच्या वेळी झालं तेच आणखी दहा वेळा होईल. तुमची अडचण ‘सर्वोत्तम कोणतं’ ही नाहीच. एकात एक गुंतलेले दोन प्रश्न आहेत. या बँडचा कुठल्या काळातला आवाज तुमच्या कानाला भावतो, हा पहिला. आणि एका रात्रीची जी अनेक मुद्रणं फिरतात त्यातलं कुठलं निवडायचं, हा दुसरा. हे दोन सुटले की तारखा आपोआप सापडतात. मी स्वतः पुण्यात कार्यक्रमांच्या ध्वनिव्यवस्थेचं काम करतो आणि कॅसेटच्या जमान्यापासून या बँडच्या टेप जमवतो, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नावर जरा जास्त बोलेन. सवय आहे ती.

आधी काळाचं बघू. १९६५ ते १९९५ या तीस वर्षांत बँडने सुमारे २,३०० कार्यक्रम केले. गिटारवर जेरी गार्सिया आणि बॉब वेअर, बासवर फिल लेश आणि ड्रमवर बिल क्रॉइट्समन हे चौघे शेवटपर्यंत होते, पण त्यांच्याभोवतीचं सगळं बदलत गेलं. दुसरा ड्रमर मिकी हार्ट १९७१ च्या फेब्रुवारीत बाहेर पडला आणि १९७४ च्या अखेरीला परतला. की-बोर्डवर पिगपेन, मग कीथ गॉडशॉ, मग ब्रेंट मिडलंड, मग विन्स वेल्निक. प्रत्येक माणसाबरोबर गाण्यांचा वेग आणि वजन बदललं. म्हणून ‘डेडची सर्वोत्तम मैफल’ असा प्रश्न चाहत्यांच्या घोळक्यात टाकला की १९७२ वाले, १९७७ वाले आणि १९८९ वाले तीन कोपऱ्यांत उभे राहून भांडतात. तिघांचंही बरोबर असतं.

१९६८-६९ चा बँड दणदणीत, खरखरीत आणि बेभान आहे. ‘लाइव्ह/डेड’ हा १९६९ चा अल्बम त्या वर्षाच्या सुरुवातीला १६ ट्रॅकच्या यंत्रावर स्टेजवरून मुद्रित केलेला, आणि त्यातलं तेवीस मिनिटांचं ‘डार्क स्टार’ आजही त्या काळाचा नमुना म्हणून पुरेसं आहे. ते ऐकून डोकं दुखलं तर १९६८-६९ च्या वाटेला जाऊ नका, काही बिघडत नाही.

तुमच्यासाठी खरं दार १९७० चं आहे. २ मे १९७० ला न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन इथल्या हार्पर कॉलेजमध्ये झालेला कार्यक्रम शोधा. ‘डिक्स पिक्स’ या अधिकृत मालिकेचा आठवा खंड म्हणून तो निघालेला आहे. सुरुवात अकूस्टिक गिटारींवर होते: ‘फ्रेंड ऑफ द डेव्हिल’, ‘डायर वुल्फ’, ‘ब्लॅक पीटर’, ‘अंकल जॉन्स बँड’. तुमच्या दोन अल्बममधलीच गाणी ही, आणि गंमत म्हणजे त्या रात्री त्या दोन्हींपैकी एकही अल्बम बाजारात आलेला नव्हता. श्रोते ती जवळपास कोरी ऐकत होते. मग गिटारी बदलतात, आवाज चढतो, आणि तीच माणसं तासभर छप्पर उडवतात. ओळखीच्या घरातून अनोळखी गल्लीत कसं जायचं ते हा एक कार्यक्रम दाखवतो.

१९७१ च्या शेवटी कीथचा पियानो आला. ड्रमर तेव्हा एकच होता, त्यामुळे १९७२ ते १९७४ चा बँड हलका, चपळ आणि जॅझकडे झुकलेला आहे. माझा स्वतःचा मुक्काम इथे असतो. १९७२ च्या एप्रिल-मेमध्ये त्यांनी युरोपात २२ कार्यक्रम केले, सगळे १६ ट्रॅकवर टिपले गेले आणि २०११ मध्ये ते सगळेच्या सगळे ७३ सीडींच्या संचात निघाले. १९७२ साली त्या दौऱ्यावरून जो मूळ अल्बम निघाला त्यात गायन बरंचसं नंतर स्टुडिओत भरलेलं आहे. तो सुंदर आहे, पण ‘त्या रात्री काय झालं’ याचा पुरावा म्हणून तो धरू नका. त्याच वर्षी २७ ऑगस्टला ऑरेगनमधल्या व्हेनेटा इथे एका दुग्धालयाच्या मदतीसाठी भर उन्हात कार्यक्रम झाला. उन्हाने वाद्यं सुरात राहीनात, तरी त्या दुपारचं ‘डार्क स्टार’ अर्ध्या तासावर जातं आणि एक क्षण सैल पडत नाही. २०१३ मध्ये ‘सनशाइन डेड्रीम’ या नावाने ते नीट प्रसिद्ध झालं.

१९७६ पासून पुन्हा दोन ड्रमर. गाणी संथ झाली, ठेका नाचरा आणि घट्ट झाला. १९७७ च्या सुरुवातीला ‘टेरापिन स्टेशन’ अल्बमच्या वेळी निर्माता कीथ ओल्सनने त्यांच्याकडून कसून तालीम करून घेतली, तिचा परिणाम त्या वसंतातल्या प्रत्येक कार्यक्रमात ऐकू येतो. १९७९ ते १९९० मध्ये ब्रेंटचा ऑर्गन आणि त्याचा घोगरा आवाज. यातली मधली वर्षं चढउतारांची. १९८६ मध्ये गार्सिया कोमात गेला, वाचला, वाजवायला जवळजवळ नव्याने शिकला, आणि १९८९-९० मध्ये बँड पुन्हा शिखरावर होता. २९ मार्च १९९० ला नॅसॉ कॉलिसियममध्ये सॅक्सोफोनवादक ब्रॅनफर्ड मार्सालिस त्यांच्यात येऊन बसला तो कार्यक्रम एकदा ऐकाच. १९९१ नंतरचं, अपवाद सोडून, नव्या माणसाने घाईने ऐकण्यासारखं नाही.

आपला काळ कुठला हे ओळखायची माझी युक्ती साधी आहे. एकच गाणं घ्या आणि वर्षावर्षांतून ऐका. मी ‘प्लेइंग इन द बँड’ घेतो. १९७१ मध्ये ते पाचेक मिनिटांचं गाणं आहे. १९७२ च्या उन्हाळ्यापर्यंत त्याचं मधलं अंग फुगत जातं, आणि २१ मे १९७४ ला सिअ‍ॅटलमध्ये ते ४६ मिनिटं चालतं. हे दहा मात्रांचं गाणं आहे. मिकी हार्टने उस्ताद अल्लारखाँकडून तबल्याचे धडे घेतले होते, आणि गाण्याचं बीज असलेली दहा मात्रांची धूनही त्याचीच. मात्र झपताल धरून टाळी द्यायला जाल तर चुकाल, खंड वेगळे पडतात. तीन-चार वर्षांतली ‘प्लेइंग’ ऐकलीत की कुठे कान टवकारतात आणि कुठे हात फोनकडे जातो ते तुमचं तुम्हालाच कळेल. गाण्यागणिक चाहत्यांनी मतं दिलेली ‘हेडीव्हर्जन’ नावाची साइट आहे, गाणं कुठल्या तारखांना शोधायचं ते तिथून मिळतं. क्रमांकाकडे फार बघू नका.

आता टेप. अर्काइव्हवर एका तारखेला पाच नोंदी का असतात? कारण त्या रात्री सभागृहात एकाहून जास्त यंत्रं चालू होती. एक बँडच्या स्वतःच्या मिक्सरला जोडलेलं, ते साउंडबोर्ड. बाकीची श्रोत्यांत बसून स्वतः मुद्रण करणाऱ्या चाहत्यांची, म्हणजे टेपरांची, त्या ऑडियन्स टेप. दोन्ही एकत्र मिसळून कुणीतरी नंतर केलेलं ते मॅट्रिक्स. नवा माणूस डोळे मिटून साउंडबोर्ड उचलतो, कारण ते स्वच्छ असतं. इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. नाट्यगृहात गाण्याचा कार्यक्रम करताना मिक्सरवर आम्ही फक्त तेवढंच वाढवतो जे हॉलमध्ये आपलं आपण पुरेसं पोचत नाही. गायकाचा आवाज वर, हार्मोनियम थोडी, आणि तबल्याचा बायाँ हॉलमध्ये आधीच घुमत असेल तर तो जवळजवळ बंद. हॉलमध्ये हे सुरेख लागतं. पण त्याच मिक्सरवरून घेतलेलं रेकॉर्डिंग घरी ऐका: गायक कानात शिरलेला आणि तबला शेजारच्या खोलीत. रॉक बँडचंही तेच होतं. स्टेजवर गिटारचे अ‍ॅम्प्लिफायर इतके जोरात की मिक्सरला गिटार द्यायची गरजच पडत नाही. हॉल जितका लहान, तितका साउंडबोर्डचा तोल बिघडलेला.

मग काही साउंडबोर्ड इतके अप्रतिम का? कारण ते मुळात हॉलसाठीचं मिश्रण नव्हतंच. बेटी कँटर-जॅक्सन ही बँडची ध्वनिमुद्रक टेपसाठी वेगळं मिश्रण करत असे, हॉलच्या मिश्रणापासून स्वतंत्र. ऐकताना प्रत्येक वाद्याला जागा असते, लेशचा बास गोल आणि पुढे असतो. तिच्या रिळांचं पुढे काय झालं हेही सांगतो, कारण त्यावर तुमच्या कॉर्नेलचं कोडं सुटतं. भाड्याच्या गोदामाचे पैसे थकले आणि १९८६ मध्ये तिथला ऐवज लिलावात गेला. घेणाऱ्यांच्या हाती शेकडो रिळं लागली, त्यांच्या प्रती निघाल्या, आणि ‘बेटी बोर्ड’ नावाने त्या टेपरांच्या जगात पसरल्या. तिच्याआधी हेच काम औस्ली स्टॅन्ली ऊर्फ बेअर करत असे. त्याचा आग्रह असा की रोजचा कार्यक्रम टिपायचा, आणि आपण आवाज कसा लावला होता ते नंतर ऐकायचं. १९७० च्या फेब्रुवारीतल्या फिल्मोर ईस्टच्या टेप त्याच्या, ‘डिक्स पिक्स’चा चौथा खंड त्यातूनच आला. नोंदीत या दोघांपैकी एकाचं नाव दिसलं तर मी बाकी काही न वाचता ऐकायला बसतो.

१९८० च्या दशकात मात्र उलट करा. त्या काळातले साउंडबोर्ड बरेचदा कोरडे, हवा नसलेले, गायनच पुढे आणणारे असतात. टेपर मंडळी तोवर तयार झाली होती: चांगले मायक्रोफोन, सोनीची हातातली पण पक्की कॅसेट यंत्रं, आणि कुठे उभं राहायचं याचं ज्ञान. १९८४ च्या ऑक्टोबरपासून बँडने त्यांच्यासाठी मिक्सरच्या मागे तिकिटासह वेगळी जागाच ठेवली. त्याआधीचे लोक मिक्सरच्या पुढे, स्पीकरच्या जवळ माईक उभारत, म्हणून १९८१-८३ च्या काही ऑडियन्स टेप अधिक जिवंत वाटतात. नोंदीत ‘एफओबी’ अशी अक्षरं दिसली तर ती हीच, मिक्सरच्या पुढून केलेली. साउंडबोर्ड स्पीकरवर ऐका, खोलीची थोडी हवा त्याला मिळते. ऑडियन्स टेप हेडफोनवर ऐका. हे माझं मत आहे, करून बघा आणि पटलं नाही तर सोडून द्या.

नोंद निवडताना मी काय बघतो ते सांगतो. ऐकणाऱ्यांनी दिलेल्या ताऱ्यांकडे (गुणांकडे) बघत नाही, कारण अभिप्राय देणाऱ्यांत बरेच जण त्या रात्री तिथे हजर होते आणि ते आपल्या तरुणपणाला गुण देत असतात. त्यांच्या मजकुरात आवाजाबद्दल काही असेल तेवढं वाचतो. मग टेपचा प्रवास लिहिलेली ओळ. मूळ रीळ, मग थेट डिजिटल, मग फाइल, असं असेल तर उत्तम. मध्ये कॅसेटवर कॅसेट अशा दोन-तीन पिढ्या असतील तर प्रत्येक पिढीने थोडी सरसर वाढवलेली आणि झांजांची धार कमी केलेली असणार. एकाच रिळाचे दोन अवतार असतील तर बहुतेक वेळा नंतरचा घ्यावा, कारण यंत्रं आणि हात दोन्ही सुधारलेत. वेगाचीही गोची असते: टेप किंचित जलद किंवा मंद चालली तर सगळा कार्यक्रम पाव-अर्धा सूर वर किंवा खाली जातो. गाणं उगाच घाईत आणि गार्सियाचा आवाज पोरसवदा वाटला तर फोनवरच्या ट्यूनरने गिटारचा सूर तपासा, म्हणजे दोष बँडचा की टेपचा ते कळेल. रीळ उलटताना गेलेली मिनिटं दुसऱ्या मुद्रणातून जोडलेली असतात, तिथे आवाज अचानक बदलेल, घाबरू नका.

हे सगळं वाचून झालं की चौथ्या-पाचव्या गाण्यावर उडी मारतो. पहिल्या दोन-तीन गाण्यांत मिक्सरवाला अजून तोल शोधत असतो, त्यावरून टेपला नापास करणं अन्याय आहे. बास स्वतंत्र ऐकू येतो का आणि झांज वाजून विरताना शेपूट ऐकू येतं का, एवढं दोन मिनिटांत कळतं. बँडचा खरा विस्तार दुसऱ्या भागात असतो, तेव्हा मध्यंतरानंतरचाही एक तुकडा ऐकून घ्या. गाण्यांच्या यादीत दोन नावांमध्ये बाणाची खूण असेल तर तिथे न थांबता एकातून दुसऱ्यात गेलेत. ऐकण्यासारखं बरंचसं त्या खुणांपाशीच असतं.

आपल्याकडच्या माणसाची हमखास फसगत होते ती तारखेत. चाहते ५/८/७७ म्हणतात तेव्हा तो ८ मे आहे, ५ ऑगस्ट नव्हे. अर्काइव्हच्या नोंदींत आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असतो. तोच धरा.

आता कॉर्नेल. ८ मे १९७७, इथाका गावातल्या विद्यापीठाचा बार्टन हॉल, बाहेर मे महिन्यात बर्फ. बेटीचं रीळ, लिलावानंतर बाहेर पडलेलं, आणि त्या काळात लोकांना मिळणाऱ्या बहुतेक टेपांच्या मानाने काचेसारखं स्वच्छ. ते हातोहात पसरलं, एका पिढीने तेच पहिल्यांदा ऐकलं, आणि कीर्ती पक्की झाली. २०११ साठीच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ते घेतलं, आणि २०१७ मध्ये अधिकृतपणे निघालं. वादनही खरोखर उत्तम आहे: ‘स्कार्लेट बिगोनियाज’मधून ‘फायर ऑन द माउंटन’मध्ये शिरणं आणि शेवटाकडचं ‘मॉर्निंग ड्यू’. पण दुसऱ्याच रात्रीचं बफेलो मला तेवढंच आवडतं, आणि सुरुवातीचा ‘हेल्प ऑन द वे’पासूनचा विस्तार तर जास्तच. तुम्हाला ते इतकं का भावलं नाही याचं कारण माझ्या मते साधं आहे: तुम्ही लाकडी गिटारींच्या, गोष्टी सांगणाऱ्या गाण्यांमधून आलात आणि थेट दोन ड्रमरांच्या नाचऱ्या ठेक्यात पडलात. मध्ये सात वर्षं गाळली.

जाता जाता, त्या ‘फायर ऑन द माउंटन’ची चाल आधी वेगळ्या नावाने १९७६ च्या ‘दिगा’ या अल्बमवर होती. तो मिकी हार्ट आणि आपल्या मुंबईचे झाकीर हुसेन यांच्या तालवाद्यवृंदाचा. तबला, मरिंबा असं सगळं एका ठेक्यावर. कॉर्नेल पुन्हा ऐकण्याआधी तो मिळवून ऐका, दोन ड्रम काय करताहेत ते निराळंच ऐकू येईल.

पैशांबद्दल विचारलं नाहीत, पण विचाराल. बँडने टेप करायला आणि आपापसांत फुकट देवाणघेवाण करायला मोकळीक दिली होती, विकायला नाही. म्हणून कुणी ‘दुर्मिळ मैफल’ म्हणून प्रतीचे पैसे मागितले तर देऊ नका. अर्काइव्हवर २००५ पासून ऑडियन्स टेप उतरवून घेता येतात, साउंडबोर्ड फक्त तिथेच ऐकता येतात. ‘रिलिसन’ या अ‍ॅपवरून दोन्ही फोनवर नीट वाजतात, बाण असलेली गाणीही मध्ये न अडखळता. विकत घ्यायचंच असेल तर डिक लॅटव्हालाने १९९३ मध्ये सुरू केलेली ‘डिक्स पिक्स’ (एकूण ३६ खंड) आणि २०१२ पासूनची ‘डेव्ह्स पिक्स’ या मालिका आहेत. ‘डेव्ह्स’च्या सीडी मर्यादित संख्येत निघतात आणि इथपर्यंत येताना टपाल-कस्टमसह महाग पडतात, म्हणून आधी ऐका, मग घ्या.

तुमच्यासाठी क्रम असा लावेन. हार्पर कॉलेज १९७० पूर्ण, एका बैठकीत नाही, दोन संध्याकाळी. मग व्हेनेटा १९७२. ते रुचलं तर युरोपच्या दौऱ्यातली लंडनची लायसियम थिएटरची कुठलीही मे महिन्यातली रात्र. तिथून ‘प्लेइंग’चा माग काढत १९७३-७४. कॉर्नेल आणि बफेलो त्यानंतर. १९८० च्या पुढचं यात घातलेलं नाही, कारण तिथे टेप कुठली हे मैफल कुठली यापेक्षाही महत्त्वाचं ठरतं. १९७४ पर्यंत पोचलात की तुम्हाला काय आवडलं ते लिहा, त्यावरून पुढच्या नोंदी सुचवतो. आणि लिहिताना तारखेबरोबर अर्काइव्हवरचा नोंदीचा पूर्ण क्रमांकही द्या, नाहीतर आपण दोघे एकाच रात्रीबद्दल बोलत असू आणि ऐकत असू दोन वेगळ्या टेप.